बदल त्यांचा, भुर्दंड आपला

शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंड स्टेशनबाहेर कोणत्याही मोबाइलच्या दुकानात गेलात, तर दर्शनी भागात खिळ्यांना लटकवलेली छोटी पाकिटे दिसतात. ओटीजी, टाइप-सी कन्व्हर्टर, एचडीएमआय टू व्हीजीए, यूएसबी टू सीरियल, वायफाय डोंगल, थ्री पिनचे टू पिन. या वस्तूंविषयी आपले मत केव्हाच ठरून गेले आहे. वस्तू किरकोळ, लागली की घ्यायची, हरवली की दुसरी घ्यायची. जरा जाणकार माणूस त्यात एवढीच भर घालतो की आता सगळेच टाइप-सी होत चालले आहे, त्यामुळे ही कटकट थोड्याच दिवसांची.

ही दोन्ही मते उथळ आहेत. पहिले मत वस्तूची किंमत पाहते आणि ती अडली म्हणजे काय काय अडते, हे पाहत नाही. दुसरे मत खाचेचा आकार पाहते आणि तो आकार कोण ठरवतो, कोण बदलतो आणि बदलाचे पैसे कोण भरतो, हे विचारत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक अ‍ॅडॉप्टर म्हणजे दुसऱ्या कोणीतरी घेतलेल्या निर्णयाचा खर्च आहे आणि आज तो खर्च नियमाने त्या साखळीतल्या सर्वात दुबळ्या माणसाच्या माथी मारला जातो. म्हणून जो जोडणी बदलतो त्यानेच जुन्या-नव्याला जोडणारा दुवा द्यावा, त्यातून काय जाते आणि काय जात नाही ते सांगावे आणि तो दुवा चालू ठेवावा. ही मागणी तांत्रिक वाटली तरी मुळात न्यायाची आहे. ती टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. एकाच खिळ्यावर तीन वेगळ्या वस्तू

पाकिटे सारखी दिसतात म्हणून आपण सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. प्रत्यक्षात त्यांचे तीन प्रकार आहेत आणि पुढचा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे.

पहिला प्रकार फक्त आकार बदलणारा. आत तारा आणि पितळी पट्ट्या, बाकी काही नाही. थ्री पिनचे टू पिन करणारा तुकडा या जातीचा.

दुसरा प्रकार संकेत बदलणारा. एचडीएमआयमधून चित्र अंकांच्या रूपात येते. 1987 पासून चालत आलेल्या व्हीजीएला मात्र चढ-उतार होणारा विद्युतदाब लागतो. त्यामुळे शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरला नवा लॅपटॉप जोडणाऱ्या कन्व्हर्टरच्या पोटात अंकांचा दाब करणारी चिप असावीच लागते. यूएसबी टू सीरियलचेही तसेच. आरएस-232 हे मानक 1960 सालचे. त्यात शून्य आणि एक हे उणे-अधिक 3 ते 15 व्होल्टच्या भाषेत बोलले जातात. 1996 साली आलेल्या यूएसबीची रीत पूर्णपणे वेगळी. दोहोंमधले काम एक चिप करते आणि तिला चालवायला संगणकात ड्रायव्हर लागतो. म्हणजे ही छोटी वस्तू स्वतःच एक संगणकीय यंत्र आहे.

तिसरा प्रकार ओळख पटवणारा. डिजिटल सहीचे टोकन आणि बोटाचा ठसा घेणारे थंब मशीन यात येतात. ही वस्तू यंत्राला यंत्र जोडत नाही, ती माणसाचा अधिकार संगणकाला जोडते. ती नसेल तर सरपंच असूनही सरपंच नाही आणि लाभार्थी असूनही लाभार्थी नाही.

पहिला बिघडला तर दिवा विझतो. दुसरा बिघडला तर हिशेब बिघडतो. तिसरा बिघडला तर हक्क अडतो. तिघांनाही ‘किरकोळ’ म्हणणे, ही पहिली चूक.

२. बसते म्हणजे चालते, हा गैरसमज

ग्राहकाची कसोटी साधी असते: पिन खाचेत बसली की माल बरोबर. उत्पादकालाही ही कसोटी सोयीची, कारण ती पार करणे फार स्वस्त पडते. पण बसणे आणि चालणे यांच्यात मोठे अंतर आहे.

थ्री पिनचा तुकडाच घ्या. आपल्याकडच्या प्लगचे मानक आयएस 1293. त्यातली जाड आणि लांब तिसरी पिन अर्थिंगची. ती लांब असते ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. टू पिन करणारा तुकडा नेमकी हीच पिन गिळतो. यंत्र चालू होते, पंखा फिरतो, कोणाला काही खटकत नाही. गोठ्यात, दूध केंद्रात, ओल्या फरशीवर एखाद्या दिवशी आतली तार पत्र्याला टेकते, तेव्हा कळते की वस्तू बसत होती, पण संरक्षण देत नव्हती.

टाइप-सीचे मानक 2014 साली आले. एका बाजूला टाइप-सीची खाच आणि दुसऱ्या बाजूला जुन्या यूएसबीची पिन असा तुकडा त्या मानकाला मान्यच नाही, कारण त्यातून दोन वीजपुरवठे समोरासमोर येण्याचा धोका संभवतो. तरी हा तुकडा कोणत्याही टपरीवर मिळतो. जुन्या चार्जरला टाइप-सी फोन जोडणाऱ्या केबलमध्ये 56 किलोओहमचा एक रोधक लागतो. तो पाहून फोन ठरवतो की समोरच्या चार्जरकडून किती प्रवाह घ्यायचा. काही उत्पादकांनी तिथे 10 किलोओहमचा रोधक घातला आणि उपकरणे झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढू लागली. गूगलचे अभियंते बेन्सन लिउंग यांनी 2015 पासून बाजारातल्या केबली एकेक करून तपासल्या. 2016 च्या फेब्रुवारीत चुकीच्या जोडणीच्या एका केबलने त्यांचा स्वतःचाच लॅपटॉप निकामी झाला. पुढच्या महिन्यात अ‍ॅमेझॉनने मानक न पाळणाऱ्या अशा केबलींच्या विक्रीवर बंदी घातली. जगातल्या सर्वात मोठ्या दुकानात, सर्वात जाणत्या ग्राहकाच्या हाती जर अशी वस्तू येऊ शकते, तर मलठणच्या किंवा यवतच्या ग्राहकाने ती ओळखावी ही अपेक्षा कशी धरायची? ‘ग्राहकाने पाहून घ्यावे’ हे वाक्य इथे लागू पडत नाही, कारण पाहून कळेल असे बाहेर काहीच नसते.

३. दूध केंद्राच्या टेबलावर

आता दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण जवळून पाहू. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके दुधाचे. संकलन केंद्रात एक इलेक्ट्रॉनिक काटा असतो, एक फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धेतर घन घटक) दाखवणारे मशीन असते आणि एक संगणक. दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया धरून वर-खाली होतो, म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. काटा आणि फॅट मशीन यांना मागे जुनी नऊ पिनांची सीरियल खाच असते. नव्या संगणकाला ती नसते. मधे येतो यूएसबी टू सीरियल कन्व्हर्टर.

संगणक या कन्व्हर्टरला एक क्रमांक देतो, समजा कॉम 3. केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच क्रमांक भरून ठेवलेला असतो. स्वस्त कन्व्हर्टरच्या चिपला स्वतःचा ओळख क्रमांक नसतो. त्यामुळे झाडलोट करताना कोणी तो काढून शेजारच्या खाचेत घातला, तर विंडोज त्याला नवीन वस्तू समजते आणि कॉम 7 असा नवा क्रमांक देते. सॉफ्टवेअर कॉम 3 वर वाट पाहत बसते आणि पडद्यावर फॅटचा रकाना रिकामा राहतो. बाहेर कॅन घेऊन रांग लागलेली असते, दूध थांबत नाही. मग ऑपरेटर मशीनवरचा आकडा वाचून हाताने टाइप करतो.

इथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. आकडा थेट मशीनमधून पावतीवर उतरावा, मधे माणसाचा हात लागू नये, हीच या व्यवस्थेतली शेतकऱ्याची हमी होती. ऑपरेटर कितीही सचोटीचा असला तरी ती हमी त्या क्षणी संपली. मापातला विश्वास त्या छोट्या कन्व्हर्टरवर टांगलेला होता आणि हे कोणी कोणाला सांगितलेच नव्हते.

यात चिपच्या राजकारणाची भर पडते. एफटीडीआय ही स्कॉटलंडची कंपनी असल्या चिप बनवते आणि तिच्या नकला जगभर विकल्या जातात. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोजच्या अपडेटमधून आलेल्या या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. परिणामी संगणक ती वस्तू ओळखेनाच. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. 2016 मध्ये आलेला पुढचा ड्रायव्हर अशा चिपकडून खऱ्या माहितीऐवजी ‘ही वस्तू अस्सल नाही’ अशा अर्थाचा मजकूर पाठवू लागला. तैवानच्या प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरने तर जुन्या चिपसाठी ‘2012 पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा’ असा निरोप दाखवून काम थांबवले. नकलेविरुद्ध लढण्याचा कंपनीचा हक्क मी मान्य करतो. पण शिक्षा कोणाला झाली? नक्कल करणाऱ्याला झाली नाही, विकणाऱ्यालाही झाली नाही. ज्याला पोटातली चिप कोणती हे कळण्याचा मार्गच नव्हता, त्याला झाली.

४. खर्च खाली कसा सरकतो

या सर्व उदाहरणांत एक नियम दिसतो. निर्णय वर होतो, बचत वर राहते आणि खर्च एकेक पायरी उतरत तळाशी जातो.

मोठ्या कंपनीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. अ‍ॅपलने 2016 साली आयफोन 7 मधून हेडफोनची गोल खाच काढली, तेव्हा खोक्यात एक छोटा अ‍ॅडॉप्टर दिला होता. 2018 च्या फोनांबरोबर तो मिळेनासा झाला. 2020 साली आयफोन 12 च्या खोक्यातून चार्जरही गेला. कारण पर्यावरणाचे दिले गेले: घरोघरी जुने चार्जर आहेत, तेच वापरा. पण खोक्यातली केबल टाइप-सीची होती आणि बहुतेकांकडचे जुने चार्जर यूएसबी-ए खाचेचे. ती केबल त्या चार्जरमध्ये बसतच नव्हती. आधी दुवा द्यायचा, सवय लागली की तो विकायचा, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

युरोपात 2009 साली मोबाइल कंपन्यांनी समान चार्जरचा स्वेच्छा करार केला होता. त्यात अ‍ॅडॉप्टर पुरवला तरी करार पाळला असे धरले जाई. ही पळवाट ठेवल्यामुळे सर्वांची खाच एक झालीच नाही. अखेर 2022 साली कायदा करावा लागला आणि 28 डिसेंबर 2024 पासून तो मोबाइल, टॅबलेट वगैरेंना लागू झाला. अ‍ॅडॉप्टर हा कधी प्रामाणिक दुवा असतो आणि कधी जबाबदारी टाळण्याचा परवाना, हे त्या पंधरा वर्षांनी दाखवून दिले.

हाच क्रम आपल्याकडे सरकारी कामात दिसतो. आधार प्राधिकरणाने ठसे घेणारी एल-झिरो यंत्रे हटवून एल-वन यंत्रे आणली. जुन्या यंत्रात ठशाची माहिती कूटबद्ध करण्याचे काम संगणकाच्या भरवशावर होई, नव्यात ते यंत्राच्या आतल्या सुरक्षित भागात होते. निर्णय योग्यच आहे, ठशाची चोरी रोखलीच पाहिजे. पण गावातला सेवा केंद्र चालवणारा तरुण पगारी नोकर नाही, तो कमिशनवर जगतो. त्याचे चालू यंत्र एका आदेशाने निरुपयोगी होते आणि नव्याचे पैसे त्याच्या खिशातून जातात. तो ते भरून काढणार कुठून? समोर उभ्या असलेल्या म्हातारीकडून, दाखल्यामागे दहा-वीस रुपये जास्त घेऊन. सुरक्षेचा निर्णय राष्ट्राचा आणि वर्गणी त्या म्हातारीची, असा हा हिशेब आहे.

५. टोकन कोणाच्या खिशात

तिसऱ्या प्रकारात खर्चाबरोबर सत्ताही सरकते. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून ग्रामपंचायतीची देयके काढायची तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, या दोघांची डिजिटल सही लागते. सही असते पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 प्रमाणे सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी सहीधारकानेच घ्यायची आहे. प्रमाणपत्राची मुदत एक ते तीन वर्षांची, मग नूतनीकरण. टोकनच्या प्रत्येक जातीचा ड्रायव्हर वेगळा, पासवर्ड वेगळा, ब्राउझरची जुळणी वेगळी.

महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. एखादी बाई सरपंच होते, ग्रामसभेत ठामपणे बोलते, कामाची पाहणी करते. पण पैसे काढण्याच्या क्षणी तिला अशी वस्तू हाताळावी लागते जी एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही, जिचा पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की कुलूप पडते. मग टोकन आणि पासवर्ड ऑपरेटरकडे, नाहीतर घरच्या पुरुषाकडे राहण्याचा मोह तयार होतो. पूर्वी कोऱ्या धनादेशावर सह्या घेऊन ठेवत, तेव्हा निदान सही करताना हात तरी तिचा असे. कायद्याने दिलेला अधिकार वापरायला अवघड अशा दुव्यातून गेला की वाटेत दुसऱ्याच्या हाती पडतो.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. याच टोकनांमुळे महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याने सही एकदा केली की तो उतारा सर्वत्र चालतो आणि शेतकऱ्याचा हेलपाटा वाचतो. इथे टोकन हाताळण्याचा बोजा महसूल यंत्रणेने स्वतः उचलला आणि नागरिकाला कोणतेही डोंगल विकत घ्यायला सांगितले नाही. तंत्र तेच, बोजा योग्य खांद्यावर ठेवला एवढाच फरक. म्हणजे तसे करता येते.

६. दौंड जंक्शनचा दाखला

जोडणी बदलली की दुवा कोणी बांधायचा, याचे उत्तर दौंडच्या रेल्वेमार्गावर मिळाले आहे. दौंड-मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. पुढे बारामतीकडे निघालेला फाटा मात्र अडीच फुटी अरुंद रुळांचा होता, मुख्य मार्ग साडेपाच फुटी. दोन्ही रूळ दौंडला शेजारी, पण एकाचा डबा दुसऱ्यावर चढणे अशक्य. माल उतरवून पुन्हा भरायचा आणि उतारूने गाडी बदलायची. रुळांची रुंदी दुसऱ्या कोणी ठरवलेली, तिचा भार हमालाच्या पाठीवर. ही स्थिती संपली ती प्रवाशांनी काही युक्ती शोधली म्हणून नाही. रेल्वेने 1992 पासून देशभर एकच रुंदी करण्याचे धोरण घेतले आणि या शतकाच्या सुरुवातीला बारामती फाटाही रुंद केला.

तसेच इंजिनाचे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडला तोंड फिरवावे लागे, म्हणजे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावणे आणि तोवर सगळ्यांनी फलाटावर ताटकळणे. रेल्वेने दौंड कॉर्ड लाइन बांधली आणि त्या मार्गाने जाणाऱ्या गाड्यांचा हा खोळंबा संपला. जंक्शन ज्याचे, जोडमार्ग त्याचा, हे तत्त्व रुळांच्या बाबतीत आपल्याला इतके उघड वाटते की त्यावर कोणी वाद घालत नाही. तेच तत्त्व तारेच्या आणि चिपच्या जोडणीला लावा, एवढीच माझी मागणी आहे.

७. चार आक्षेप

पहिला आक्षेप: टाइप-सी सर्वत्र आली की प्रश्नच मिटेल. मिटणार नाही, कारण टाइप-सी हा आकार आहे, क्षमता नाही. एकाच आकाराच्या खाचेतून कुठे सेकंदाला 480 मेगाबिट जातात, कुठे त्याच्या कितीतरी पट. कुठे चित्र जाते, कुठे जात नाही. वीज 240 वॉटपर्यंत जाऊ शकते, पण साध्या केबलमधून त्याचा चौथा हिस्साच. पूर्वी पिन बसत नव्हती म्हणून निदान कळत तरी होते. आता बसते, पण चालत नाही. शिवाय कारखान्याचा वजनकाटा, फॅट मशीन, रांजणगावच्या यंत्रशाळेतला जुना सीएनसी यांचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे. नवे मानक आले म्हणून ही यंत्रे कोणी भंगारात काढणार नाही, काढूही नयेत. जिथे जुनी यंत्रे दीर्घकाळ चालवली जातात, तिथे दुव्याची गरज वाढतच जाते.

दुसरा आक्षेप: असा भार टाकला तर प्रगती खुंटेल आणि वस्तू महाग होतील. मला उलट वाटते. लाखो नग एकदम घेणाऱ्याला दुवा जितका स्वस्त पडतो, तितका एक नग विकत घेणाऱ्याला कधीच पडत नाही, त्यामुळे समाजाचा एकूण खर्च कमीच होईल. आणि बदलाचा खर्च निर्णय घेणाऱ्याच्याच वहीत दिसू लागला की तो बदल विचारपूर्वक करेल. खरी सुधारणा असेल तर दुव्याचा खर्च सोसूनही ती परवडेल. केवळ जुने चालू नये म्हणून केलेला बदल परवडणार नाही आणि तो थांबलेलाच बरा.

तिसरा आक्षेप: दुवे फुकट वाटले तर ई-कचरा वाढेल. हा आक्षेप गंभीर आहे. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरमुळे युरोपात वर्षाला सुमारे 11,000 टन ई-कचरा होतो, असा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे. म्हणून मी प्रत्येक खोक्यात अ‍ॅडॉप्टर घाला असे म्हणत नाही. जोडणी तीच राहिली तर काहीच देऊ नये. ती बदलली तर मागणाऱ्याला द्यावा आणि जुना परत घ्यावा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आहेच. तिचा अर्थ वस्तू मेल्यानंतरची विल्हेवाट एवढाच का घ्यायचा? ती मरू न देणे हीही जबाबदारीच.

चौथा आक्षेप: आपली माणसे जुगाडू आहेत, काहीतरी जमवतातच. जमवतात, आणि त्यांच्या हुशारीविषयी मला आदर आहे. पण जुगाडाचे कौतुक करणारे बहुधा स्वतः त्यावर अवलंबून नसतात. तार सोलून चिकटपट्टीने जोडणाऱ्याच्या हातात हुशारी असते, हमी नसते. गरजेपोटी केलेल्या कसरतीला गुण म्हणून गौरवले की जबाबदार माणूस आपोआप सुटतो.

८. काय करता येईल

उपाय मोठ्या क्रांतीचे नाहीत. सुरुवात सरकारी खरेदीपासून व्हावी. जिल्हा परिषद शाळेला संगणक किंवा प्रोजेक्टर देताना, ग्रामपंचायतीला संगणक देताना निविदेतच लिहावे की आधीच्या यंत्रांना जोडणारे दुवे, त्यांचे ड्रायव्हर आणि एक जादा नग पुरवठादाराने द्यावा आणि हमीच्या काळात बदलून द्यावा. आदेशाने उपकरण बदलायला लावणाऱ्या प्रत्येक खात्याने त्याच आदेशात केंद्रचालकाच्या भरपाईची तरतूद करावी. दूध संघांनी आपल्या केंद्रांसाठी एकाच खात्रीच्या चिपचा कन्व्हर्टर ठरवून द्यावा आणि खाचेवर खूण करावी. हे काम एका दिवसाचे आहे.

पाकिटावर काय छापावे, हे भारतीय मानक ब्यूरोचे काम. ब्यूरोने टाइप-सीचे मानक 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध केले. पण प्रसिद्ध झालेले मानक आणि टपरीवर लटकणारे पाकीट यांची गाठ पडायची असेल, तर पाकिटावर मराठीत चार गोष्टी ठळक हव्यात: किती वॉट, किती वेग, चित्र जाते की नाही, अर्थिंग आहे की नाही. चार्जरवर नोंदणीचा क्रमांक छापणे आपण सक्तीचे केले, मग हेही करता येईल.

आणि दुरुस्तीची विद्या गावात हवी. त्यासाठी शिरूर तालुक्याला बाहेर पाहण्याची गरज नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पाबळच्या दुष्काळी माळावर विज्ञान आश्रम उभा केला, तो हाताने काम करत विज्ञान शिकावे या आग्रहाने. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबच्या कल्पनेला अमेरिकेबाहेर पहिले घर मिळाले तेही याच पाबळमध्ये, 2002 साली. त्याच तालुक्यात रांजणगावला एलजी, हायर, व्हर्लपूल यांचे कारखाने आहेत आणि 2022 मध्ये केंद्राने तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी दिली. एका टोकाला उत्पादन, दुसऱ्या टोकाला शिक्षण आणि मधे शेकडो दूध केंद्रे, शाळा, ग्रामपंचायती. खात्रीचा सीरियल कन्व्हर्टर बनवणारी, तपासणारी आणि दुरुस्त करणारी तरुण मुले या पट्ट्यात तयार होऊ शकत नसतील, तर देशात कुठेच होणार नाहीत.

वाचकाला एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी नवे यंत्र घ्याल, नवी प्रणाली स्वीकाराल किंवा ग्रामसभेत खरेदीचा ठराव येईल, तेव्हा किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा: जुन्याशी हे कसे जोडायचे आणि त्याचा खर्च कोण करणार? उत्तर लेखी घ्या. ‘अ‍ॅडॉप्टर बाजारात मिळतो’ हे उत्तर मान्य करू नका. बदल करण्याचा अधिकार ज्याला आहे, दुवा देण्याचे कर्तव्यही त्याचेच आहे.